खड्ड्यातली हवा

कर्जत, १२ एप्रिल २०२५

प्रिय हर्षला,

तुझे कमलेशभाऊ दूध देऊन गाडी चालू करेपर्यंत मी दारात ठरवत होते, फोन करावा की पत्र लिहावं. शेवटी उद्याच्या दुधाबरोबर पत्रच द्यायचं ठरवलं. फोनवर तू ‘सगळं बरं आहे गं’ म्हणून मोकळी होतेस. कागदावर मात्र खरं बोलतेस. कॉलेजपासूनचा माझा हा अनुभव आहे, आणि या वेळी मला खरंच हवं आहे.

निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, माझ्या वडिलांनी पळसदरीला दोन म्हशी घेतल्या, हे तुला माहीत आहेच. आता अप्पांना गोबरगॅस हवाय. गवंडी ठरलाय, गोठ्यामागे फक्कीनं गोल आखून झालाय. फायदे त्यांना पाठ आहेत. धूर नाही, सिलिंडर नाही, शेण वाया जात नाही, वर खत मिळतं. तोटे विचारले तर म्हणतात, “ते तुझ्यासारख्या मास्तरणींनी शोधायचे.”

मी शाळेत आठवीला हे शिकवते. फळ्यावर घुमट काढते, बाण काढते: इकडून शेण आत, तिकडून खत बाहेर, वरून गॅस स्वयंपाकघरात. पण मी आयुष्यात एकदाही त्या गॅसवर चहा केलेला नाही. ज्या गोष्टीला हात लावलेला नाही ती इतक्या ठामपणे शिकवायची, याची मला अलीकडे जरा लाज वाटते.

तुमच्याकडे तो सात-आठ वर्षं आहे. नीट सांग. अप्पांना आवडेल असं नको, असेल तसं.

तुझी,
ऋजुता

•

कडाव, १७ एप्रिल

प्रिय ऋजू,

तुझं पत्र सगळ्या घरानं ऐकलं. सुनेला आलेलं पत्र ग्रामसभेत वाचतात तसं मोठ्यानं वाचायला लावणारा सासरा दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल. “कर्जतच्या मास्तरणीनं काय लिवलंय?” म्हणून आबा ओटीवर येऊन बसले, की माझी सुटका नसते.

तोटे विचारलेस म्हणताच सासूबाई उसळल्या. “तिला सांग, या मैनानं तीस वर्सं धूर गिळला. छाती अशी वाजायची, की शेजारीण म्हनायची, मैने, बाजाची पेटी कुठं ठेवलीस? ती छाती गॅसनं गप केली. तोटं काय इचारते?” हे खरं आहे. भांडी काळी होत नाहीत, सरपणाला रानात जावं लागत नाही. खड्ड्यातून बाहेर येणारी शेणाची रबडी भाताच्या रोपांना घातली, की ती काळीभोर होतात. खताला वासही फार नसतो.

आता माझं ऐक. खड्डा म्हणजे गोठ्यातलं आणखी एक जनावर आहे. त्याला रोज खायला लागतं. बादल्या भरून शेण, तेवढंच पाणी, हातानं कालवायचं, आतले खडे आणि गवत काढायचं. आम्ही सगळे मिळून लग्नाला गेलो, की खड्ड्याला उपास घडतो आणि परत आल्यावर तो रुसतो. पावसाळ्यात आणि थंडीत गॅस कमी. पाहुणे आले, की भात होतो आणि भाकऱ्या राहतात. शेगडीची बटणं गंजतात, नळीचा सांधा सुटला तर कुजक्या अंड्याचा वास घरभर. जनावर विकलं, तर ज्योत विकली. गोबरगॅस फुकट असतो असं म्हणणाऱ्याला एक महिना माझ्याकडे शेण कालवायला पाठव.

सध्या आमचा रुसलाच आहे. ज्योत करंगळीएवढी झाली आहे. अंगणातलं शेण झाडून आणतो ना, त्याबरोबर माती आत गेली, ती तळाला बसली. आबा म्हणतात, पेरणीच्या आधी खड्डा उपसायचा. वरची रबडी बादल्यांनी काढायची आणि तळाचा गाळ काढायला माणूस उतरवायचा. माणूस म्हणजे आमचे हेच. आबांनी उभ्या पंचक्रोशीत मे महिन्यात विहिरी उपसून दिल्या आहेत, त्यांना हे नवं नाही.

अप्पांना सांग, करा. पण शेण कोण कालवणार हे आधी ठरवा.

तुझी,
हर्षला

•

कर्जत, २० एप्रिल

प्रिय हर्षला,

तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं. ‘जनावर विकलं, तर ज्योत विकली’ हे त्यांना इतकं आवडलं, की ते गवंड्यालाही ऐकवून आले. शेण मी कालवणार असं त्यांनी परस्पर ठरवलं आहे. दर रविवारी. उरलेले सहा दिवस कोण, असं विचारल्यावर ते म्हशींना पाणी दाखवायला निघून गेले.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मनातून जाईना, म्हणून दोन संध्याकाळी बसून मिळेल ते वाचलं. खड्डा उपसायला माणूस उतरवणार असं तू सहज लिहिलंस. हर्षला, ते सहज नाही. आत विषारी वायू साठलेला असतो. थोडा असला तर वास येतो, जास्त झाला तर नाकाला वासच कळेनासा होतो. माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. अशा बातम्या मी एकामागून एक वाचल्या. घरचीच माणसं, बाप आणि मुलगा, भाऊ आणि भाऊ.

तेव्हा आबांना माझ्या नावानं सांग. शक्यतो कुणी उतरूच नका, लांब दांड्याच्या फावड्यानं वरूनच गाळ ओढा. गॅसची नळी आधी चार-पाच दिवस उघडी ठेवा. आणि उतरायचंच झालं, तर आतली हवा बघितल्याशिवाय कुणीही पायरीवर पाय ठेवायचा नाही. कमलेशभाऊंनी तर नाहीच. हे मोठ्यानं वाच. दोनदा वाच.

मी फार घाबरवते आहे असं वाटलं तर वाटू दे.

तुझी,
ऋजुता

•

कडाव, ४ मे

ऋजुता,

आबांना भाजलं. तोंड, छाती, दोन्ही हात. पनवेलला ठेवलंय. डोळ्यांवर पट्टी आहे, डॉक्टर काही सांगत नाहीत. दूध येणार नाही.

फोन करू नकोस. येऊ तर मुळीच नकोस.

हर्षला

•

कर्जत, ६ मे

प्रिय हर्षला,

तुझी चिठ्ठी तुमचा टेंपोवाला अक्षय देऊन गेला. त्याला विचारलं, तर म्हणाला, “मला काय म्हाईत नाय, बाई. मी टेंपो घेऊन आलो, हर्षलावहिनीनं हातात दिलं.” आणि थांबलासुद्धा नाही. तू फोन नको म्हणालीस तरी मी केला. तू उचलला नाहीस. दोनदा पनवेलच्या गाडीत बसायला निघाले आणि ‘येऊ तर मुळीच नकोस’ आठवून परतले. त्या ‘मुळीच’चा अर्थ मी नाना तऱ्हांनी लावते आहे. इस्पितळात गर्दी चालत नसेल. भाजलेल्या माणसाला जंतूंची भीती असते. तसंच असेल.

पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. भाजलं कसं? खड्ड्यात उतरलेल्या माणसाचा जीव गुदमरतो, तो भाजत नाही. रात्रभर विचार करून मला एकच कारण सुचलं. आबांच्या तोंडात बिडी होती का? मी मागे आले होते, तेव्हा गोठ्यात वाळल्या पेंढ्याशेजारी बसून ते बिडी ओढत होते. मी काही बोलले नव्हते.

रागावू नकोस, पण मी इतकं बजावून लिहिलं होतं. हवा बघा म्हणून लिहिलं होतं. तेवढं एक केलं असतं, तर आज ही वेळ आली नसती. माणसं ऐकत का नाहीत गं? आपल्याला सगळं येतं असं का वाटतं?

हे लिहिल्यावर वाईट वाटतंय. तरी खोडत नाही. आबांचे डोळे कसे आहेत, एवढं तरी कळव.

तुझी,
ऋजुता

•

पनवेल, ११ मे

ऋजुता,

इस्पितळाच्या जिन्यात बसून लिहिते आहे. तुझं पत्र मी कुणाला मोठ्यानं वाचून दाखवलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच.

आबांच्या तोंडात बिडी नव्हती. माणूस विहिरीत उतरवायचा असेल, त्या दिवशी ते काम होईपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घेत नाहीत. बिडी नाही, चहा नाही, पान नाही. त्यांच्या बापानं घालून दिलेली रीत आहे. त्या दिवशीही त्यांनी ती पाळली.

आणि हवा बघितली, ऋजुता. तू सांगितलंस म्हणूनच बघितली.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं होतं, तू म्हणालीस तसं. आमचे हे म्हणाले, “काय न्हाय होत, दहा मिन्टांचं काम हाय.” आबा त्यांच्यावर ओरडले. “मास्तरीन शिकलेली हाय रं. बगितल्याबिगर उतरशील तर तंगडी मोडीन.” सासूबाईंनी विचारलं, “पन हवा बगायची कशी? ती काय दिसते?” आबा हसले. “पन्नास वर्सं इहिरी उपसल्या त्या काय डोळं मिटून? दोरीला दिवा बांधायचा आन आत सोडायचा. इझला तर वंगाळ हवा, उतरायचं नाय. जळत ऱ्हायला तर खुशाल उतरायचं.”

तुला हसू येईल, रोज त्या गॅसवर भाकरी भाजणाऱ्या घराला तो पेटतो हे कळू नये! मीही इथं बसून तेच विचारते आहे. उत्तर एवढंच आहे, की आमच्या मनात गॅस शेगडीत असतो. खड्ड्यात शेण असतं. आणि नळी चार दिवस उघडी होती, तूच लिहिलंस म्हणून. रबडी अर्धी उपसली होती. गॅस गेला असं सगळेच समजून होतो.

सकाळची वेळ होती. आबा खड्ड्याच्या बाहेरच्या तोंडाशी गुडघ्यावर बसले. हे लुंगी खोचून शिडी धरून उभे. सासूबाईंनी देवघरातली पणती आणली, आबांनी ती छोट्या बादलीत ठेवली आणि सुंभानं आत सोडली. सासूबाई म्हणाल्या, “हळद-कुंकू बी वाहा, म्हंजे बरकत येईल.” हे हसत होते. आबा वाकून आत बघत होते, पणती दिसावी म्हणून अगदी खाली वाकले होते.

आवाज मोठा झालाच नाही. ओल्या गोणीवर काठी मारावी तेवढाच. पण खड्ड्याच्या तोंडातून एक जाळ वर आला आणि गेला. इतक्यात गेला, की मला वाटलं, काही झालंच नाही. आबा उभे राहिले. भुवया नव्हत्या. कपाळावरचे केस नव्हते. हाताची कातडी मोज्यासारखी लोंबत होती. आणि ते विचारत होते, “इझला का गं? हर्षला, दिवा इझला का?”

मी पिंपातलं पाणी त्यांच्यावर ओतत राहिले. सासूबाई गोडेतेल घेऊन धावल्या, त्यांना मी ढकललं. अक्षयच्या टेंपोत बसेपर्यंत आबा तेच विचारत होते.

टेंपोत हे मला एवढंच बोलले: “हवा बगून झाली. आता तुज्या मास्तरनीला इचार, पुडं काय बगायचं.” त्यानंतर तुझं नाव आमच्या घरात कुणी घेतलेलं नाही. म्हणून फोन नको, म्हणून येऊ नकोस. जंतूंमुळे नाही.

डोळ्यांचं अजून कळलेलं नाही.

हर्षला

•

कर्जत, १३ मे

हर्षला,

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि किती वेळ तशीच उभी होते, ते मिहीरनं हात धरून बसवलं तेव्हा कळलं. नवऱ्याला मी काय सांगितलं, तेही आठवत नाही. बिडीबद्दल जे लिहिलं, ते पाठवायच्या आधी मी खोडायला हवं होतं. मी माफी मागणार नाही. माफी मागितली, की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुमच्या घराकडून आता काही घ्यायचा मला हक्क नाही.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. ती लपवली, तर मी यापुढे तुला काहीच लिहू शकणार नाही.

हवा कशी बघायची, ते मी वाचलं होतं. स्पष्ट लिहिलेलं होतं. जिवंत कोंबडी टोपलीत ठेवून दोरीनं आत सोडावी आणि ती धडधाकट राहते का ते बघावं. उघडी ज्योत कोणत्याही कारणानं जवळ नेऊ नये. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात, एकीखाली एक. मला ती कोंबडी सहन झाली नाही. टोपलीत फडफडणारी, मान टाकणारी. पत्र लिहिताना मी तिथवर आले, पेन थांबवलं आणि लिहिलं, ‘आतली हवा बघितल्याशिवाय’. कोंबडी गाळली, आणि तिच्याबरोबर पुढचं ज्योतीचं वाक्यही गेलं.

ते मुद्दाम गेलं की विसरून? काल रात्रीपासून मी स्वतःला विचारते आहे. ‘गॅस पेटतो हे त्यांना काय सांगायचं, ते तर रोज पेटवतात’ असं मला तेव्हा वाटलं होतं, असं एकदा वाटतं. मग वाटतं, हे मी आत्ता रचते आहे, कारण निष्काळजी ठरण्यापेक्षा असं वाटलेलं बरं दिसतं. खरं काय ते मला सापडत नाही. एवढं मात्र खरं, की एका कोंबडीची दया मला आली आणि आबांनी कशानं हवा बघायची, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. ‘हवा बघा’ हे शब्द ऐकून जन्मभर विहिरी उपसलेला माणूस काय करेल, याचा मी क्षणभर विचार केला असता, तर पुरे होतं.

दुसऱ्या बाजूचा विचारही मनात येतो, आणि तो आला की मी त्याला हाकलते. मी काहीच लिहिलं नसतं, तर कमलेशभाऊ तसेच उतरले असते. हा विचार मी तुला सांगायला नको होता. पण तो येतो.

पळसदरीला जाऊन अप्पांना म्हटलं, काम थांबवा, मला हा गॅस नको. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “गॅसला का बोल लावतेस? तो जसा आहे तसाच वागला. चूक तुझी आहे.” माझे वडील मला असं कधी बोललेले नाहीत. 

या पत्राचं काय करायचं ते तू ठरव. फाडलंस तरी चालेल.

ऋजुता

•

कडाव, २८ मे

ऋजुता,

फाडलं नाही. पण बरेच दिवस कुणाला दाखवलंही नाही.

परवा आबांना घरी आणलं. उजव्या डोळ्यानं दिसतं. डावा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि आबाच त्यांना म्हणाले, “रडतो काय रं? एक हाय ना?” डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. गाईचे सड धरता येत नाहीत, हे त्यांना डोळ्यापेक्षा जास्त लागलंय.

काल त्यांनी विचारलं, “मास्तरणीचं काय पत्र आलं का न्हाय?”  मग मी तुझी दोन्ही पत्रं वाचली. बिडीचं आधी.  मग कोंबडीचं.

सासूबाई ऐकता ऐकता उठल्या. “तिच्या दयेला आग लागो,” म्हणाल्या आणि मागच्या दारी गेल्या.  आबा म्हणाले, “दर आयतवारी आमी कोंबडी कापतो. तिला ठावं न्हाय का गं?” मी म्हटलं, “ठाऊक आहे, आबा.” “मंग?” या ‘मंग’चं उत्तर मी का द्यावं? ते तुझ्याकडे असेल तर त्यांना दे. थोड्या वेळानं ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “पन कमल्या उतरला असता. मी उतरवला असता.” आमच्या ह्यांनी ते ऐकलं आणि ते अंगणात निघून गेले. तुझ्या मनातला तो विचार तू उगाच हाकलतेस, असं त्यावरून समजू नकोस. तो आबांनी बोलावा. तू बोलू नयेस.

आता खड्ड्याचं. तो अर्धा उपसलेला, उघडाच पडून आहे. वर पत्रा टाकून काटे लावलेत. हे म्हणत होते, माती टाकून बुजवून टाकतो. मलाही तेच वाटत होतं. आम्ही इस्पितळात असताना सिलिंडर संपला, म्हणून सासूबाईंनी चूल मांडली. त्यांची छाती पुन्हा वाजायला लागली आहे, रात्री बसून काढतात. तरी मला वाटलं, बुजवूनच टाकावा. पण आज सकाळी ह्यांनी फावडं उचललं, तशा सासूबाई आडव्या आल्या. “बुजवायचा नाय. ज्यानं धनी भाजला, त्याच्यावरच मी रांधनार. न्हायतर एक डोळा फुकट गेला.”  आबा नुसतं म्हणाले, “बरोबर हाय.”

म्हणजे गाळ काढायचा आहे. पाऊस तोंडावर आहे. हे म्हणतात, बाहेरचा माणूस मी उतरवणार नाही, उतरेन तर मीच. कर्जतला हवा आत सोडायचा पंखा भाड्यानं मिळतो, असं त्यांनी विचारून ठेवलंय. तो किती वेळ लावायचा, कुठून लावायचा, वर कोण थांबायचं, काय झालं म्हणजे दोर ओढायचा, हे आम्हाला माहीत नाही. मी म्हटलं, ऋजूला विचारते. कितीतरी दिवसांनी मी ह्यांच्यासमोर तुझं नाव घेतलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पत्र नको. तिला म्हनावं, इथं ये. जानकार मानूस संगं आन. काठावर उभी ऱ्हा आन तोंडानं सांग. आमी पंचवीस येळा इचारू, तिनं पंचवीस येळा सांगायचं. आन मी वर येईस्तवर तिथनं हलायचं न्हाय.”

मी तुला अजून माफ केलेलं नाही. आबांकडे बघितलं, की तुझं अक्षर डोळ्यासमोर येतं, ते नीटनेटकं, शाळेतलं. हे तुला कळलेलं असावं, म्हणून लिहिते.

रविवारी सकाळी काम आहे. कोंबडी आम्ही पकडून ठेवू. टोपली तुला सोडायची आहे.

हर्षला